गच्चीखालची खोली रात्री का तापते?

ताई,

तुमचं पत्र इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. घर तळमजला अधिक एक मजला. वरच्या खोलीवर थेट गच्ची, खोली साधारण दहा बाय बारा फुटांची, एक खिडकी पश्चिमेला आणि एक उत्तरेला. तिथे तुमच्या ७४ वर्षांच्या सासूबाई झोपतात आणि दिवसा मुलगा अभ्यासाला बसतो. सकाळी खोली बरी असते, दुपारी तापते, पण खरे हाल रात्री. बाहेर वारा सुटलेला असतो तरी आत साडेदहाला ३६ अंश. पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते. पंख्यासमोर बर्फाचं पातेलं ठेवून पाहिलं, पण काही वेळातच सगळं पुन्हा होतं तसं. मुलगा म्हणतो खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, यजमान म्हणतात एसी घेऊन टाकू, आणि सासूबाई म्हणतात, "मला काही होत नाही, मी खाली येणार नाही." यात कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या खोलीत रात्री जी उष्णता असते ती दुपारची आहे. ती हवेत नसते, डोक्यावरच्या स्लॅबमध्ये साठलेली असते. म्हणून हवेशी कितीही झटलात तरी हाताला काही लागत नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

दहा बाय बारा फुटांवरचा पाच इंची स्लॅब म्हणजे तीन टनांहून जास्त काँक्रीट. भर दुपारी निरभ्र आकाशातून गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडतं. तुमच्या खोलीवरची गच्ची अकरा चौरस मीटर धरली, तर अकरा किलोवॅटची शेगडी वर चालू आहे असं समजा. उघडं, मळकट राखाडी काँक्रीट त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग पिऊन टाकतं. वरून शिरलेली ही उष्णता खालच्या बाजूला यायला काही तास लागतात. म्हणून ऊन बारा-एकला सगळ्यात कडक असलं, तरी छताची आतली बाजू संध्याकाळी सगळ्यात जास्त तापलेली असते आणि पुढे रात्रभर खाली झोपलेल्या माणसावर उष्णता सोडत राहते. पंखा नेमकी त्या छताखालची हवा ढवळून खाली आणतो, त्यामुळे ती गरम लागते. त्यात पंख्याचा दोष नाही.

आता बर्फाचा हिशोब. एवढा स्लॅब दहा अंशांनी तापला तर त्यात साधारण आठ युनिट उष्णता साठते (विजेच्या बिलात असतं तेच युनिट). पाच किलो बर्फ पूर्ण वितळून त्याचं पाणी खोलीइतकं कोमट झालं, तरी तो पाऊण युनिटही शोषत नाही. शिवाय तो बर्फ घरातल्याच फ्रीजमध्ये केला असेल, तर त्याच्या पाठीमागून तितकीच आणि वर थोडी जास्त उष्णता घरातच सोडलेली असते. पातेलं ठेवून तुमचं काही चुकलं नाही, फक्त समोरचा साठा फार मोठा आहे.

काहीही विकत आणण्याआधी एक गोष्ट करून बघा. रात्री आठच्या सुमारास पंखा बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या आणि मुलाला भक्कम स्टुलावर उभं राहून छताला तळवा लावायला सांगा. मग तोच तळवा पश्चिमेच्या भिंतीला, नंतर आतल्या, म्हणजे शेजारच्या खोलीकडच्या भिंतीला. शेवटी खिडकीच्या काचेला आणि लोखंडी चौकटीला. आतली भिंत हाताला जवळजवळ काहीच लागणार नाही. तिच्या तुलनेत काय किती कोमट आहे ते बघायचं. बहुतेक घरांत छत पहिलं येतं आणि पश्चिमेची भिंत दुसरी. तुमच्याकडे भिंत पहिली आली, तर खाली गच्चीबद्दल लिहिलंय ते दुसऱ्या क्रमांकावर घ्या आणि त्या भिंतीवर बाहेरून सावली कशी पडेल ते आधी पाहा. छतच असेल, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं.

तर गच्ची. तिथे तीन मार्ग आहेत: ऊन परतवायचं, ऊन अडवायचं किंवा पाणी उडवून उष्णता काढायची.

परतवायचं म्हणजे गच्ची पांढरी करायची. याच्याइतका कमी खर्चात मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. ताजा पांढरा थर उन्हाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग परत पाठवतो. गडद पृष्ठभाग भर उन्हात ६० अंशांच्या पुढे जातो, तिथे पांढऱ्यावर अनवाणी उभं राहता येतं. साधा चुना चालतो. आधी गच्ची झाडून, घासून, धुऊन पूर्ण वाळवा. धुळीवर दिलेला चुना पापुद्र्यासारखा सुटतो. चुना भिजवून, गाळून, थोडा पांढरा गोंद मिसळून भल्या सकाळी दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. हातमोजे आणि चष्मा घालायलाच हवा, कारण चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पावसात चुना वाहून जातो, म्हणून तो एका उन्हाळ्याचा उपाय समजा. गच्चीसाठी मिळणारे उष्णता-परावर्तक पांढरे रंग महाग असतात, पण काही वर्षं टिकतात, आणि त्यांतले काही गळतीही थांबवतात. दोन्हींत धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा मधूनमधून झाडू आणि पाणी फिरवावंच लागेल. शेजारचं घर उंच असेल तर पांढऱ्या गच्चीची तिरीप त्यांच्या खिडकीत जाऊ शकते, आधी त्यांच्याशी बोलून घ्या.

अडवायचं म्हणजे सावली. शेडनेट बांधणार असाल तर स्लॅबवर अंथरू नका. मध्ये हवा खेळेल एवढी उंची ठेवा आणि वाऱ्याने फाटणार नाही असं घट्ट बांधा. यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: शक्य असेल तर रात्री ते नेट बाजूला सरकवा. निरभ्र रात्री उघडी गच्ची आकाशाकडे उष्णता सोडून थंड होत असते आणि वर आच्छादन राहिलं की ते कमी होतं. तारेवर कड्या लावून पडद्यासारखं नेट केलं तर हे दोन मिनिटांचं काम आहे. पांढऱ्या रंगाला ही अडचण नाही. तो दिवसा ऊन परतवतो आणि रात्री उष्णता सोडायला आडही येत नाही. म्हणूनच दोन्हींतलं एकच करायचं असेल तर मी रंग निवडेन.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. गारवा पाण्याच्या थंडपणातून येत नाही, त्याची वाफ होण्यातून येतो. एक लिटर पाणी उडून जाताना जवळजवळ पाऊण युनिटापर्यंत उष्णता घेऊन जातं, म्हणजे तेवढ्याच बर्फाच्या पाचपट. बादलीभर पाण्याची पूर्ण वाफ स्लॅबच्या उष्णतेवर झाली, तर वर सांगितलेली आठ युनिटं त्यात संपतील. प्रत्यक्षात पाणी थोडी उष्णता हवेतून आणि उन्हातूनही घेतं, म्हणून जास्त लागतं, पण अंदाज यावा. त्यामुळे गच्चीवर बादल्याच्या बादल्या ओतून ते पाणी पन्हाळीतून वाहून जाऊ देण्यात अर्थ नाही. गोणपाट अंथरा आणि ते ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडा. दिवसा शक्य नसेल तर निदान सूर्य मावळल्यावर एकदा, आणि झोपण्यापूर्वी तासभर आधी पुन्हा.

पण गच्चीवर तळं करू नका. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो वजन. सगळ्या स्लॅबना ते झेपेलच असं नाही. बारीक भेगांतून मुरलेलं पाणी आतल्या सळ्या गंजवतं, आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. छताला आतून आधीच ओल किंवा पोपडे दिसत असतील तर पाण्याचा मार्ग सोडून द्या, गळतीची दुरुस्ती आणि पांढरा थर एवढंच करा.

शिवाय पाण्याचा उपाय हवा कोरडी असेल तरच चालतो. तुमच्याकडे हवा कशी असते हे पत्रात नाही. ओला पंचा पिळून रात्री खोलीतल्या दोरीवर टाका. तासा-दीड तासात तो जवळजवळ वाळला तर हवा कोरडी आहे, गोणपाट आणि कूलर दोन्ही उपयोगी पडतील. सकाळी तो दमटच हाती आला तर कूलरच्या वाटेला जाऊ नका. त्याने खोली थंड होणार नाही, फक्त घाम वाळायचा थांबेल. कूलर घेतलातच, तर तो खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत तो थोड्या वेळात सगळी हवा ओली करून टाकतो.

आता खिडक्या. मुलगा म्हणतो तसं दिवसभर उघड्या ठेवायच्या का? त्याचा हेतू चांगला आहे, पण वेळ चुकते आहे. खिडकी उघडायची की नाही हे घड्याळाने नाही, तापमानाने ठरवायचं. दोन साधे थर्मामीटर आणा. एक खोलीत उशीच्या उंचीवर, दुसरा बाहेर उत्तरेच्या बाजूला, ऊन लागणार नाही असा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली असेल तोवर खिडक्या सताड उघड्या. तो वर गेला की बंद, पडदे ओढलेले. सकाळी ही वेळ बहुधा लोकांना वाटतं त्यापेक्षा लवकर येते, आणि संध्याकाळी बाहेर वारा लागायला लागला तरी खिडक्या बंदच ठेवण्याची चूक घराघरांत होते. मुलाला अभ्यासाच्या वहीत आठवडाभर दोन्ही आकडे तासातासाला लिहायला सांगा. तुमच्या घराचं वेळापत्रक त्यातून निघेल, आणि खिडक्यांवरून वाद राहणार नाही. दमट हवेच्या ठिकाणी दिवसरात्रीच्या तापमानात फरक कमी असतो, तिथे मात्र खिडकी बंद ठेवून फारसं हाती लागत नाही. ऊन अडवा आणि वारा चालू ठेवा.

पश्चिमेच्या खिडकीला तुम्ही जाड पडदा लावलाय असं लिहिलंय. तो आतून आहे. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आलीच, मग ती पडद्यावर पडो की फरशीवर. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवा: बांबूचा पडदा, शेडनेटचा तुकडा किंवा झडप, काचेपासून वीतभर अंतर सोडून. तिसऱ्या प्रहरी सूर्य उतरलेला असतो, त्यामुळे खिडकीवरच्या छज्जाचा त्या बाजूला फार उपयोग होत नाही. आडव्या छज्जापेक्षा उभा आडोसा हवा. आतला पडदा राहू दे, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

रात्री हवा कशी खेळवायची? घरातली गरम हवा जिन्याने वर चढते आणि तुमच्या खोलीत येऊन थांबते. म्हणून दिवसा, विशेषतः स्वयंपाकाच्या वेळी, खोलीचं जिन्याकडचं दार बंद ठेवा. रात्री बाहेर गारवा आला की उलट करा: खालची एखादी सुरक्षित, जाळीची खिडकी उघडा, खोलीचं दार उघडा आणि जिन्याच्या टोकाला गच्चीवर उघडणारं दार असेल तर तेही तासभर उघडं ठेवा. गरम हवा वरून निघून जाते आणि खालून थंड हवा ओढली जाते. टेबलफॅन असेल तर तो सुरुवातीला पश्चिमेच्या खिडकीत तोंड बाहेर करून लावा, म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर फेकेल आणि उत्तरेच्या खिडकीतून ताजी हवा येईल. झोपायच्या वेळी तोच फॅन पलंगाकडे वळवा. छताच्या पंख्यापेक्षा तो अशा खोलीत सुखाचा वाटतो, कारण तो छताखालची हवा खाली आणत नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवू नका. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला थंड करतो.

यजमानांच्या एसीबद्दल. मी विरोधात नाही. घरात वयस्कर माणूस आहे, तेव्हा तो चैनीचा विषय नाही. पण आधी गच्ची, मग एसी. एक टनाचा एसी तासाला साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकू शकतो. स्लॅबमधल्या आठ युनिटांतली निम्मी जरी खाली आली, तरी त्याचा तासाभराहून जास्त वेळ त्यातच जातो, आणि हवा गार झाली तरी वरून छताची धग लागतच राहते. गच्ची पांढरी केल्यावर लहान एसी पुरेल आणि तो कमी वेळ चालवावा लागेल. तापमान २४ ते २६ वर ठेवा आणि सोबत पंखा हळू फिरू द्या. छताला आतून फॉल्स सीलिंग करायचा विचार असेल तर स्लॅब आणि सीलिंगमध्ये उष्णतारोधक थर हवा, नुसत्या पट्ट्यांनी शोभा येते. उघडा थर्मोकोल मात्र छताला चिकटवू नका. तो पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. सगळ्यात चांगला उष्णतारोधक थर गच्चीच्या वरून बसतो, कारण मग स्लॅब तापतच नाही. पण ते गवंड्याचं काम आहे, वॉटरप्रूफिंग कराल तेव्हा त्यासोबत करून घ्या.

ज्या वाचकांकडे वर स्लॅब नसून पत्रा आहे, त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. पत्रा उष्णता साठवत नाही, ऊन पडताच तापतो आणि मावळल्यावर लवकर निवतो. तिथे दुपार जीवघेणी असते आणि रात्र तितकी नाही. पत्र्यालाही पांढरा रंग द्यावाच, पण त्याखाली काही अंतर सोडून सीलिंग आणि मधल्या पोकळीतली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाईल अशी वाट, याने जास्त फरक पडतो.

आता सासूबाई. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. वाढत्या वयात तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि उकाडा जाणवतोही कमी. त्या "मला काही होत नाही" म्हणतात ते खरंच त्यांना तसं वाटतं म्हणून. त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर नाही, उशीजवळच्या थर्मामीटरवर विसंबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात साठीपुढच्यांसाठी आणि तान्ह्या मुलांसाठी खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या आत ठेवावी असं आहे. उष्ण प्रदेशात रात्री २४ गाठणं एसीशिवाय कठीण, मला कल्पना आहे. पण रात्री साडेदहाला ३६ म्हणजे त्या मर्यादेच्या फार पुढे. गच्चीचं काम होईपर्यंत त्यांना वर झोपू देऊ नका.

त्या नाही म्हणतात त्यामागे बहुधा कुणाला अडचण नको हा संकोच आहे, किंवा आपली खोली गेली तर परत मिळणार नाही ही धास्ती. म्हणून "तुमचं वय झालं" हा शब्द काढू नका. यजमानांनी स्वतः आईशी बोलावं, सुनेने नाही. थर्मामीटर त्यांच्या हातात द्यावा, वरचा आणि खालचा आकडा त्यांनाच वाचू द्यावा, आणि गच्ची रंगवून होईपर्यंतच, असं मुदतीसकट सांगावं. त्यांची उशी, पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, जे जवळ लागतं ते सगळं त्यांच्या देखत खाली मांडून ठेवावं. त्यांचं सामान वरच्या खोलीतून हलवू नका.

औषधांचा डबाही एकदा उघडून बघा. बऱ्याच गोळ्यांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं आणि ती खोली दिवसचे दिवस त्याच्या वर असते. इन्सुलिन असेल तर वापरात असलेलं पेनही ३० अंशांच्या आत हवं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं आणि मनोविकारांवरची काही औषधं यांनी शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते. औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्यात मात्रा बदलावी का आणि दिवसात पाणी किती प्यावं, हे त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारून घ्या.

एखाद्या रात्री नाइलाजाने वर झोपावंच लागलं, तर हातापायांवर आणि मानेवर ओला पंचा फिरवून मग टेबलफॅन लावा. खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर असेल तेव्हा नुसत्या पंख्यावर विसंबू नये, कारण तेव्हा तो अंगावर उष्णताच आणतो. त्या असंबद्ध बोलू लागल्या, हाक मारल्यावर नीट उत्तर देईनात, अंग भाजतंय असं लागलं किंवा झटका आला, तर उष्माघात धरून चाला: लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सर्वांगावर पाणी मारून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मुलाची अभ्यासाची वेळ पहाटेवर घ्या. त्या वेळी खोली दिवसातली सगळ्यात गार असते. दुपारी त्याने खालीच बसावं. आणि टेबलावरचा पिवळा बल्ब बदलून एलईडी लावा, कारण तो बल्ब घेतो त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊनच खोलीत येते.